जुन्या टेलिफोनच्या कवचास तडा कां जातो?

आजोबांच्या वेळचा काळा टेलिफोन ज्यांच्या घरीं अद्याप जपून ठेवलेला आहे अशा विद्यार्थ्यांची संख्या आपल्या शाळेंत थोडी नाहीं. खिशांतला फोन आल्यापासून त्याचें काम सुटलें. भिंतींतून आलेली तारही कोणी काढून टाकली. परंतु तबकडी फिरवितांना होणारा तो करकर आवाज आणि हातांत घेतलेल्या रिसीव्हरचा भारदस्तपणा ह्यांमुळें त्यास भंगारांत देणें घरच्या मंडळींच्या जिवावर येतें, आणि तो दिवाणखान्यांतील कपाटावर विराजमान होतो. कांहीं घरीं तर असे फोन मुद्दाम हौसेनें विकत आणलेले आहेत. मुंबईच्या चोरबाजारांत ते कितीतरी दुकानांच्या दारांत मांडलेले दिसतात. असा फोन चार-दोन वर्षें नुसता एका जागीं ठेवला असतां एके दिवशीं त्याच्या कोपऱ्यापाशीं केंसाएवढी बारीक रेघ दिसूं लागते. कोणीं पाडला नाहीं, कोणीं आपटला नाहीं, आणि तरीही तडा गेला! मग घरांतील धाकट्या मुलावर संशय येतो, नाहींतर झाडलोट करणाऱ्या बाईस बोल लागतो. आम्हांस येथें दाखवावयाचें आहे तें इतकेंच कीं, बहुतेक वेळां दोष त्या बिचाऱ्यांचा नसतो. तो तडा कित्येक वर्षें आंतल्या आंत तयार होत असतो, आणि त्याचीं कारणें समजलीं तर तो पुष्कळ अंशीं टाळतां येतो. एकदां गेलेला तडा मात्र कोणत्याही उपायानें पूर्ववत् होत नाहीं. म्हणून ही विद्या आधींच शिकलेली बरी.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. प्लॅस्टिक हें एका पदार्थाचें नांव नव्हे. तें एका मोठ्या कुळाचें आडनांव आहे. सागवान आणि आंबा दोन्ही लाकडेंच. पण एकाची फळी जेथें टिकते तेथें दुसऱ्याची टिकेलच असें नाहीं. टेलिफोनच्या कवचांत निदान चार जातींचीं प्लॅस्टिकें आढळतात, आणि ज्या उपायानें एकाचें आयुष्य वाढतें त्याच उपायानें दुसऱ्याचें कधीं कधीं संपतें.

ह्या कुळांतील वडील म्हणजे बेकेलाइट. बेल्जममधील घेंट शहरीं १८६३ सालीं जन्मलेले लिओ बेकेलँड हे रसायनशास्त्रज्ञ पुढें अमेरिकेंत स्थायिक झाले. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारें फिनॉल आणि फॉर्मॅल्डिहाइड ह्यांचा संयोग केला असतां एक चिवट राळ तयार होते, ही गोष्ट त्यांच्या पूर्वीच्या शास्त्रज्ञांस ठाऊक होती. पण ती राळ भांड्यास अशी चिकटून बसे कीं भांडेंच फुकट जाई. बेकेलँड ह्यांनीं उष्णता आणि दाब ह्यांचा एकाच वेळीं उपयोग करून तिला आटोक्यांत आणलें, आणि १९०९ सालीं त्यांस त्याचें अमेरिकन पेटंट मिळालें. ह्या राळेंत लाकडाची बारीक भुकटी मिसळून तें मिश्रण तापलेल्या पोलादी सांच्यांत दाबलें कीं त्याचें कठीण कवच होतें. हें कवच पुन्हा कितीही तापविलें तरी वितळत नाहीं. कारण त्यांतील रेणु एकमेकांस असे जखडले जातात कीं सबंध कवच म्हणजे जणूं एकच अवाढव्य रेणु होय. भाजलेल्या विटेचा पुन्हा चिखल होत नाहीं, तसेंच हें. तेव्हां बेकेलाइटचे दोन तुकडे तापवून एकजीव करण्याची आशा मुळींच धरूं नये.

नॉर्वेंतील चित्रकार यान हाइबर्ग ह्यांनीं १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत एरिक्सनच्या बेकेलाइटच्या फोनास जें रूप दिलें, त्याच धर्तीवर ब्रिटनच्या पोस्टखात्यानें १९३७ च्या सुमारास आपला '३३२' क्रमांकाचा फोन काढला. आपल्याकडे बंगळूर येथें १९४८ सालीं स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज ह्या सरकारी कारखान्याचे जुने काळे फोन दिसण्यांत त्याच घराण्यांतले आहेत. बेकेलाइट कठीण आहे, उष्णतेस दाद देत नाहीं, विजेस वाट देत नाहीं; पण त्याच्या अंगीं लवचिकपणा जवळजवळ नाहीं. तें वांकत नाहीं, तुटतें. शिवाय त्याच्या पोटांतील लाकडाची भुकटी अजून लाकडाचा स्वभाव विसरलेली नसते. वरची गुळगुळीत, राळेनें भरलेली त्वचा शाबूत आहे तोंपर्यंत ओल आंत शिरत नाहीं. ती त्वचा झिजली कीं भुकटी पाणी पिते, फुगते, उन्हाळ्यांत पुन्हा सुकते, आणि ह्या फुगण्या-सुकण्यांत सूक्ष्म भेगा पडूं लागतात.

दुसऱ्या जातीची कथा आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटते. अमेरिकेंत हेन्री ड्रेफस ह्या प्रसिद्ध आकृतिकारानें घडविलेला '३०२' हा फोन १९३७ सालीं वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीनें बाजारांत आणला. आरंभीं त्याचें कवच जस्ताच्या मिश्रधातूचें ओतीव असे. १९४१ च्या सुमारास त्या जागीं प्लॅस्टिक आलें. हें प्लॅस्टिक बेकेलाइट नव्हे; तें सेल्युलोजपासून, म्हणजे कापूस किंवा लाकूड ह्यांच्या तंतूंपासून केलेलें सेल्युलोज ॲसिटेट ब्युटिरेट होय. टेनेसी ईस्टमन कंपनी तें 'टेनाइट' ह्या नांवानें विकीत असे. पुढें १९५० च्या सुमारास निघालेल्या '५०० ' ह्या फोनाचीं पहिलीं कवचेंही ह्याच जातीचीं होतीं. हें प्लॅस्टिक चिवट असतें, त्यास सुंदर रंग येतात. पण त्यास मऊपणा यावा म्हणून त्यांत एक तेलकट द्रव्य मिसळावें लागतें. कणकेंत मोहन घालावें त्यांतलाच तो प्रकार. वर्षें लोटतात तसतसें हें द्रव्य हळूहळू बाहेर पडतें, आणि कवच आंखडूं लागतें. आंतील लोखंडी बैठक मात्र आंखडत नाहीं. आतां विचार करा: लहानपणीं शिवलेला सदरा मोठेपणीं अंगावर चढविला तर शिवणी उसवतात; येथें अंग वाढलेलें नाहीं, सदराच लहान झालेला आहे; परिणाम तोच. जेथें स्क्रूनें कवच बैठकीस आवळलेलें असतें, तेथेंच पहिला तडा जातो. पुष्कळ जुन्या '३०२' फोनांचीं कवचें एकदां काढलीं कीं पुन्हा नीट बसत नाहींत, तें ह्याच कारणानें.

ह्या जातीस आणखी एक रोग जडतो. ओल आणि उष्णता ह्यांच्या योगानें तिच्यांतून आम्ल सुटूं लागतें. ॲसिटेटचें आम्ल शिरक्याच्या वासाचें, ब्युटिरेटचें खवट लोण्याच्या वासाचें. हें आम्ल आंतच कोंडून राहिलें तर तें उरलेल्या प्लॅस्टिकाचा नाश अधिक वेगानें करतें आणि घंटेच्या व तबकडीच्या धातूसही खातें. तेव्हां असा फोन प्लॅस्टिकच्या पिशवींत घट्ट बांधून ठेवणें म्हणजे आजारी माणसास बंद खोलींत कोंडणें होय. त्यास हवा लागली पाहिजे, आणि त्याची जागा इतर फोनांपासून निराळी असली पाहिजे. संग्रहालयांतून ब्रोमोक्रेसॉल ग्रीन लावलेल्या निळ्या कागदाच्या पट्ट्या अशा वस्तूंजवळ ठेवतात. आम्ल सुटूं लागलें कीं पट्टी निळ्याची हिरवी आणि मग पिवळी होते. घरीं आपलें नाकही बरेंच काम देतें.

उरलेल्या दोन जातींविषयीं थोडक्यांत सांगतों. ब्रिटनमधील कांहीं रंगीत फोनांचीं कवचें ॲक्रिलिकचीं असत. तीं चकचकीत व रंगास पक्कीं, पण स्पिरिटचा स्पर्श त्यांस सोसत नाहीं. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून जगांत सर्वत्र ए.बी.एस. नांवाचें प्लॅस्टिक रूढ झालें. त्यांत रबराचे अतिसूक्ष्म कण पेरलेले असल्यामुळें नवें असतांना तें बरेच धक्के पचवितें. परंतु ऊन आणि हवा ह्यांनीं तेंच रबर प्रथम नासतें. कवच पिवळें पडतें आणि त्याचा पृष्ठभाग ठिसूळ होतो.

आपला फोन कोणत्या जातीचा, हें कसें ओळखावें? तापलेली सुई टोंचून पाहण्याची युक्ति कित्येक जण सांगतात. आमच्या मतें ती रानटी आहे, कारण परीक्षेची खूण वस्तूवर कायमची राहते. बेकेलाइट बहुधा काळें किंवा गडद तपकिरी असतें, हातास जड व थंड लागतें, आणि आंतल्या बाजूस अंगठ्यानें जोरानें चोळलें असतां कार्बोलिकसारखा वास येतो. पांढरा, तांबडा, हिरवा असा उजळ रंग असेल तर तें बेकेलाइट नव्हे असें समजण्यास हरकत नाहीं. खवट वास आला, किंवा कवच बैठकीवर तंग बसलेलें दिसलें, तर तें सेल्युलोजचें असण्याचा संभव मोठा.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. तडा एकाच ठिकाणीं कां सुरू होतो, आणि सुरू झाल्यावर थांबत कां नाहीं? ह्याचें उत्तर टेलिफोनवाल्यांनीं शोधलें नाहीं. तें जहाजांच्या आणि विमानांच्या विद्येंतून आलें. केंब्रिज येथील चार्ल्स इंग्लिस ह्यांनीं १९१३ सालीं गणितानें असें दाखविलें कीं, ताणलेल्या पत्र्यास भोंक असेल तर त्याच्या कडेस ताण साचतो. भोंक वाटोळें असेल तर तेथें ताण तिप्पट होतो. तेंच भोंक लांबट आणि टोंकदार असेल तर किती होईल? त्याचें सूत्र सोपें आहे: चिरेची अर्धी लांबी घ्या, तिला टोंकाच्या वक्रतेच्या त्रिज्येनें भागा, भागाकाराचें वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करून त्यांत १ मिळवा. समजा, चिरेची अर्धी लांबी २ मिलिमीटर आणि टोंकाची त्रिज्या ०.०२ मिलिमीटर आहे. भागाकार १००, वर्गमूळ १०, दुप्पट २०, आणि १ मिळवून २१. म्हणजे कवचावर सर्वत्र जो ताण आहे त्याच्या २१ पट ताण त्या टोंकावर येतो! कापडाच्या दुकानांत दुकानदार कात्रीनें एक लहानशी चीर देतो आणि मग दोन्ही हातांनीं कापड टर्रकन फाडतो, त्यांतलें मर्म हेंच. पुढें फार्नबरो येथें ए. ए. ग्रिफिथ ह्यांनीं कांचेच्या बारीक तंतूंवर प्रयोग करून १९२०-२१ च्या सुमारास दाखविलें कीं, कांच आपल्या अंगच्या बळापेक्षां पुष्कळ आधीं फुटते ती तिच्यावरील अदृश्य ओरखड्यांमुळें. ओरखडा वाढण्यास जेवढी शक्ति खर्च होते तिच्याहून अधिक शक्ति ताण सैल पडल्यानें मोकळी होऊं लागली कीं तडा आपोआप धांवतो.

तेव्हां तड्यास दोन गोष्टी लागतात, एक ताण आणि दुसरी आरंभाची जागा. ताण कोठून येतो, हें वर कांहींसें आलेंच आहे. कवच सांच्यांत ओततांना कांहीं भाग लवकर व कांहीं उशीरा थंड होतो, त्यामुळेंही जन्मापासूनच ताण राहून जातो. हा ताण डोळ्यांनीं पाहण्याची एक सुंदर युक्ति आहे. संगणकाच्या पडद्यावर पांढरें पान उघडा, त्याच्या समोर पारदर्शक प्लॅस्टिकची मोजपट्टी धरा, आणि ध्रुवित भिंगांचा काळा चष्मा लावून तिच्याकडे पाहा. रंग दिसले नाहींत तर चष्मा हळूच आडवा-तिरपा फिरवा. पट्टीच्या कोपऱ्यांपाशीं आणि भोंकांभोंवतीं इंद्रधनुष्याचे पट्टे उमटलेले दिसतील. जेथें पट्टे दाट, तेथें ताणाचा बदल अधिक. पट्टी किंचित् वांकविली कीं रंग धांवूं लागतात. टेलिफोनचें कवच अपारदर्शक असल्यामुळें ही रंगांची खाणाखूण आपणांस दिसत नाहीं, एवढेंच.

उष्णतेनें किती ताण येतो, ह्याचा हिशेब आठवीचा विद्यार्थीही करूं शकेल. एक अंश सेंटिग्रेड उष्णतामान वाढलें तर ए.बी.एस. आपल्या लांबीच्या सुमारें ९० दशलक्षांशानें वाढतें, पोलाद सुमारें १२ दशलक्षांशानें. कवच २०० मिलिमीटर लांब आहे, आणि मे महिन्यांतील दुपारचे ४२ अंश व पौषांतील पहांटेचे १२ अंश ह्यांत ३० अंशांचा फरक आहे असें धरा. कवच ०.५४ मिलिमीटरनें आंखडूं पाहील, पोलादी बैठक केवळ ०.०७ मिलिमीटरनें. म्हणजे जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा तंटा. नवें ए.बी.एस. हा तंटा हंसत सोसतें. पण चाळीस वर्षें उजेडांत उभें राहून ठिसूळ झालेलें, आणि त्यांत स्क्रूच्या भोंकापाशीं एक ओरखडा असलेलें कवच तो सोसेलच ह्याची हमी कोणी देऊं नये. ह्यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. मे महिन्यांत फोन उघडून साफ केला आणि स्क्रू गच्च आवळून टाकले, तर थंडींत कवचास आंखडण्यास वाव उरत नाहीं. स्क्रू बोटांनीं फिरेल तितका फिरवावा, पेंचकसानें नुसता टेंकवावा, आणि तेथेंच थांबावें. जो फोन केवळ शोभेसाठीं ठेवावयाचा, त्याचे स्क्रू अर्धा वेढा सैल असले तरी कांहीं बिघडत नाहीं. सेल्युलोजच्या कवचास तर ते सैलच असावेत.

स्क्रूसंबंधीं आणखी एक सूचना. पुन्हा बसवितांना तो आधीं उलटा, म्हणजे डावीकडे फिरवावा. जुन्या आट्यांत तो 'टक्' असा खालीं उतरल्याचें हातास कळतें. मग उजवीकडे फिरवावा. असें न केलें तर स्क्रू स्वतःसाठीं नव्या आट्या कापतो आणि भोंकाची भिंत उकलते. फोन उघडण्यापूर्वीं तो तारेपासून सोडविलेला असावा, हें पालकांनीं जातीनें पाहावें. घंटा वाजतांना तारेंतून येणारा वीजप्रवाह चांगलाच झटका देतो.

पण आमच्या पाहण्यांत ह्या सर्वांपेक्षां अधिक कवचें बळी पडलीं तीं स्वच्छतेच्या हौसेला. विज्ञानप्रदर्शनासाठीं फोन आणावयाचा ठरला कीं आदल्या रात्रीं घरांत त्याचें अभ्यंगस्नान सुरू होतें. कोणी रॉकेलनें पुसतो, कोणी स्पिरिटनें, कोणी खोबरेल चोळतो, कोणी पितळ उजळण्याच्या पॉलिशनें घांसतो. फोन त्या दिवशीं आरशासारखा चमकतो हें खरें. परंतु ताणाखालीं असलेल्या प्लॅस्टिकास अशा द्रवाचा स्पर्श झाला कीं द्रव सूक्ष्म ओरखड्यांत शिरतो, रेणूंमधील पकड सैल करतो, आणि एरवीं दहा वर्षांनीं गेला असता तो तडा दहा मिनिटांत जातो. ॲक्रिलिकवर स्पिरिटनें कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात, त्या ह्याच. ह्या गोष्टीची प्रचीति पाहावयाची असेल तर एक संत्रें आणि थर्मोकोलचा तुकडा घ्या. संत्र्याची साल थर्मोकोलवर पिळा. सालींतून उडणारें सुगंधी तेल जेथें पडेल तेथें थर्मोकोल विरघळून खड्डे पडतील. थर्मोकोल म्हणजे फुगविलेलें पॉलिस्टायरीन. आणि पॉलिस्टायरीन हें ए.बी.एस.चें सख्खें भावंड. संत्र्याच्या सालीसारखी निरुपद्रवी वस्तु जर हें करूं शकते, तर बाटलींतील अनोळखी द्रवावर किती विश्वास ठेवावा?

मग साफ कसें करावें? आधीं मऊ ब्रशानें कोरडी धूळ झाडावी. धूळ तशीच ठेवून फडक्यानें पुसल्यास तिचे कण कवचावर ओरखडे काढतात, आणि ओरखडा म्हणजे तड्याची जन्मभूमि. नंतर शुद्ध पाण्यांत सौम्य साबणाचा एखाद-दुसरा थेंब टाकून मऊ सुती फडकें त्यांत बुडवावें, घट्ट पिळावें, पुसावें, नुसत्या पाण्याच्या फडक्यानें पुन्हा पुसावें आणि लगेच कोरडें करावें. बस्स, इतकेंच. बेकेलाइट कधींही पाण्यांत बुडवूं नये, आणि पितळेच्या पॉलिशनें घांसूं नये. तें पॉलिश वरची राळेची त्वचाच खरवडून काढतें. कांच पुसण्याच्या फवाऱ्यांत बहुधा स्पिरिट असतें, तेव्हां तेही वर्ज्य. बेकेलाइटवर उत्तम प्रतीच्या मेणाचा अगदीं पातळ हात दिला तर ओल आंत शिरण्यास अडथळा होतो. पण ह्या मेणांतही द्रावक असतो, म्हणून तें इतर जातींस लावूं नये.

एक शत्रु तर फोनाबरोबरच जन्मास आलेला असतो. रिसीव्हरची पिळदार तार ज्या पीव्हीसीची असते, त्यांतही मऊपणा आणणारें तेलकट द्रव्य असतें. फोन ठेवून देतांना ती तार त्याच्याभोंवतीं गुंडाळण्याची आपल्याकडे सरसकट चाल आहे. वर्ष-दोन वर्षांनीं उघडून पाहावें तों तारेचें द्रव्य कवचांत उतरून तेथें चिकट चर पडलेले! तार मोकळी सोडावी, किंवा तिच्या आणि कवचाच्या मध्यें साधा पांढरा कागद घालावा.

उजेडाविषयीं फार सांगावयास नको. खिडकींतील सरळ ऊन कोणत्याही प्लॅस्टिकास मानवत नाहीं. बेकेलाइटची काळी झळाळी जाऊन तें मातकट होतें, ए.बी.एस. पिवळें पडतें. पिवळेपणा घालविण्यासाठीं हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हांत ठेवण्याची एक पद्धति अलीकडे हौशी लोकांत फार लोकप्रिय झालेली आहे. तीविषयीं आमचें मत प्रतिकूल आहे. रंग उजळतो खरा, पण जें रबर नासलें तें कांहीं परत येत नाहीं. उलट पुन्हा ऊन आणि पुन्हा प्राणवायु ह्यांची मेजवानी त्याच जीर्ण पृष्ठभागास मिळते. कांहीं काळानें पिवळेपणा पुष्कळदां परत येतो. म्हातारपणीं केंस पिकावेत तसा तो पिवळा रंग त्या फोनास शोभतो, असें आम्हांस वाटतें. ज्यांस वाटत नाहीं त्यांनीं निदान किंमत समजून सौदा करावा.

आपल्या देशांत खरी कसोटी पावसाळ्याची. कोंकणांत आणि मुंबईस चार महिने भिंतीही घामेजतात. त्याच्या पाठोपाठ ऑक्टोबरचा कडक उन्हाळा. घाटावर त्याहून वाईट, कारण तेथें उन्हाळ्याचा कोरडेपणा टोंकाचा असतो. जुन्या प्लॅस्टिकास सर्वांत अपायकारक आहे ती ही एका टोंकाहून दुसऱ्या टोंकास जाणारी हवा. फोन बाहेरच्या भिंतीस लागून ठेवूं नये. आंतील भिंतीशीं, कपाटाच्या मधल्या फळीवर, मागें बोटभर जागा सोडून ठेवावा. शीतकपाटाच्या डोक्यावर, दूरचित्रवाणीच्या किंवा ध्वनियंत्राच्या पाठीशीं, अथवा स्वयंपाकघराच्या वाटेवर ठेवूं नये. उघडीप पडली कीं कपाटाचें दार कांहीं वेळ उघडें ठेवावें. शास्त्रीय संग्रहालयांत जो थंडावा यंत्रानें राखतात तो आपल्या घरीं शक्य नाहीं, पण लाकडी कपाटाच्या आंत हवेचे बदल बाहेरच्यापेक्षां पुष्कळ सावकाश होतात, आणि सावकाशपणाच येथें कामास येतो.

फोन उचलण्याचीही एक रीत आहे. रिसीव्हर ज्यावर टेंकतो ते दोन उंच कान पकडून फोन उचलण्याचा मोह होतो. त्या कानांच्या बुडाशींच कवच वळलेलें असतें, आणि दोन किलोंहून अधिक भार तेथें लोंबकळतो. रिसीव्हर आधीं निराळा काढावा व फोन तळाखालीं हात घालून उचलावा. कुरियरनें पाठवितांना तर रिसीव्हर जागेवर ठेवून दोरी आवळणें म्हणजे हातोडा बरोबर देणेंच होय. वाटेंत तो प्रत्येक धक्क्यास त्या कानांवर आपटतो. रिसीव्हर वेगळा गुंडाळावा, घंटेचा भाग आंत सैल नाहीं हें पाहावें, फोन एका खोक्यांत आणि तें खोकें दुसऱ्या मोठ्या खोक्यांत घालून मध्यें सर्व बाजूंनीं दोन इंच मऊ भर द्यावी. विकत घेणारांनीं पैसे देण्यापूर्वीं विक्रेत्यास हें स्पष्ट सांगावें. फुटलेला फोन परत घेणारा दुकानदार विरळा.

एवढें करूनही तडा दिसलाच, तर काय करावें? घाईनें डिंक लावूं नये. वांकडा चिकटलेला सांधा पुन्हा सुटत नाहीं. यंत्रशाळेंत तड्याच्या टोंकाशीं बारीक वाटोळें भोंक पाडतात, म्हणजे टोंकाची त्रिज्या वाढून २१ पटीचा ताण चौपटीच्या आंत येतो. वरचें सूत्र घेऊन त्रिज्येच्या जागीं १ मिलिमीटर घातला कीं हें ताडून पाहतां येईल. परंतु लोखंडाच्या पुलास जें योग्य तें आजोबांच्या फोनास योग्य नव्हे, आणि ठिसूळ बेकेलाइटमध्यें भोंक पाडतांना नवीन तडे जाण्याचीच भीति अधिक. जुनें बेकेलाइट कानशीनें किंवा पॉलिशकागदानें घांसूंही नये. कांहीं जुन्या बेकेलाइटमध्यें भुकटीबरोबर ॲस्बेस्टॉस घालीत असत, आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे.

पहिलें काम म्हणजे ताण काढून घेणें. तळाचे सर्व स्क्रू एक-एक वेढा सैल करावे, रिसीव्हर कानांवरून उतरवून शेजारीं ठेवावा, आणि फोन उन्हापासून व भिंतीपासून दूर न्यावा. मग कवचाच्या आंतल्या बाजूस, तड्याच्या टोंकाजवळ पेन्सिलीनें एक बारीक खूण करावी आणि वहींत तारीख लिहून ठेवावी. महिन्यानें भिंगांतून पाहावें. तडा खुणेपाशींच असेल तर तसाच राहूं द्यावा, आणि पुढची पाहणी पावसाळा संपल्यावर करावी. खूण ओलांडून गेला असेल तर कवच बैठकीवरून हळूच उतरवून वेगळें ठेवावें, त्यावर कसलेंही ओझें नको, आणि जोडकाम जाणत्या माणसाच्या हातीं द्यावें.